उत्तरायणाआधी सहा फिरक्या: गाउजच्या धारेच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार (भाऊबीज)

ओवाळणी झाली, पानं वाढली आणि भाच्याने विषय काढला. "मामा, तुझ्याकडे लेथ आहे ना? मग यंदा पतंगाची फिरकी तूच कर." बहीण लगेच म्हणाली, "एकट्याला केलीस तर बाकीची पोरं रडतील हं." श्रीखंडाने डोळे जड झाले होते, मी हो म्हणून बसलो. सहा फिरक्या. मुदत १४ जानेवारी, उत्तरायणाचा पतंगांचा दिवस, म्हणजे हातात दहा रविवार.

वडोदऱ्यात राहून पतंगाची फिरकी विकत आणणं हेच शहाणपणाचं. पण लाकूड कातायचं लेथ घेऊन आठ महिने झालेत आणि त्यावर आतापर्यंत निघालंय काय? दोन वाकडी लाटणी आणि एक भोवरा, जो उभाच राहत नाही. आई त्यातलं एक लाटणं पापड वाळत घालताना चादरीवर ठेवायला वापरते.

मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, टूलरूमला (अवजारं आणि साचे बनतात त्या विभागात) आहे, बावीस वर्षं. लोखंडाचं कातकाम डोळे मिटून करतो, म्हणून लाकूड म्हणजे पोरखेळ असं वाटलं होतं. घरी लाकडाचं लेथ घ्यायचं कोणाच्या मनात असेल तर त्याला उपयोगी पडावं म्हणून तारखेनिशी लिहितोय. चुका गाळणार नाही.

फिरकीचं माप: मधला दांडा एकसंध, ४२० मि.मी. त्यात दोन्हीकडे ११५ च्या मुठी आणि मध्ये १९० चा ढोल, ६० व्यासाचा. दोन्ही बाजूंना १८० मि.मी. व्यासाच्या, १८ जाडीच्या चकत्या. माझ्या लेथवर दोन टोकांच्या मध्ये ४५० च बसतात, त्यामुळे याहून लांब शक्यच नाही. दांड्याला आंबा, चकत्यांना सागवान. दांडिया बाजारातल्या आमच्या घराचा जिना दोन वर्षांपूर्वी काढला तेव्हाच्या सागाच्या फळ्या तळमजल्यावर पडून आहेत.

६ नोव्हेंबर, बुधवार

लाभ पाचम. दुकानं आज उघडली, त्याआधी साधा पॉलिश पेपर मिळत नव्हता.

ग्राइंडर सहा इंची, अर्धा हॉर्सपॉवरचा, ओळखीतल्या एकांकडून ९०० रुपयांना घेतलेला. त्यांचं घर अकोट्याला. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा हा दोन दिवस पाण्यात होता. मोटर मी उघडून वाळवली, बेअरिंग बदलली (२४० रुपये). दगडांकडे मात्र बघितलं नाही. चालू केला तर टेबलावरचा चहाचा कप चालत कडेला आला.

दगड पाणी पितो आणि ते पाणी खालच्या बाजूला साठतं, हे मला माहीत होतं. तरी वाळला असेल म्हणून चालू केला, आणि तेही समोर उभं राहून. हा गाढवपणा कोणी करू नये. नंतर काढून, भोकात बोट घालून टांगला आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने टिचकी मारली. चांगला दगड खणकन वाजतो, हा मडक्यासारखा बद्द वाजला. दोन्ही दगड हातोड्याने फोडून टाकले, म्हणजे भंगारातून दुसऱ्या कोणाच्या मशीनवर चढणार नाहीत. नवीन पांढरा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा, ८० ग्रिट, ६५० रुपये.

१० नोव्हेंबर, रविवार

पहिली चकती. १२ मि.मी. चा बोल गाउज (नळीसारखं पोकळ पातं असलेलं कातायचं अवजार), हाताने धार लावून. धार लागली, नखावर टेकवली की घसरत नव्हती. चकतीची कड गोल झाली. तोंडाकडे वळलो आणि दोन मिनिटांत धाडकन आवाज. गाउज हातातून उडाला नाही, पण चकती लाकूड पकडणाऱ्या चकमधून निघून भिंतीवर गेली. चुन्यात चंद्रकोर उमटली आहे. बायकोने वरून विचारलं, "अहो, सगळे अवयव आहेत ना?"

गाउजची नळी आभाळाकडे तोंड करून होती. अशा वेळी वरचा पंख, म्हणजे नळीच्या बाजूची धार, लाकडात घुसतो आणि त्याच्या पाठीला बेवलचा (धारेमागच्या तिरक्या बाजूचा) टेकू नसतो. कापायला सुरुवात करताना नळी कापायच्या दिशेला कलती हवी, अंदाजे घड्याळातल्या दोनच्या काट्यासारखी. बेवल आधी टेकवायचा, मग मूठ हळूहळू उचलत धार लाकडाला भिडवायची. हे मी वाचलं होतं, हाताला ठाऊक नव्हतं.

दुपारी पाच वेळा धार लावली. संध्याकाळी कॅलिपर लावला तर गाउज ९ मि.मी. ने आखूड झालेला. एका दिवसात नऊ मिलिमीटर! २,६०० रुपयांचा गाउज. या हिशोबाने नाताळपर्यंत हातात नुसती मूठ राहील.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज दांड्याचं काम काढलं, चकत्यांकडे बघायची इच्छा नव्हती. आंब्याचा चौकोनी तुकडा रफिंग गाउजने गोल केला. हा गाउज स्वस्त चार नगांच्या संचातला (१,८५० रुपये, ऑनलाइन). मुठीवर एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टील, असा शिक्का आहे. आंबा म्हणजे काही कठीण लाकूड नव्हे, तरी दहा मिनिटांत छिलक्यांऐवजी पीठ पडायला लागलं. धार लावली, परत पीठ. तिसऱ्या वेळी टोकाला निळा डाग आला.

आणि तेव्हा ठिणग्या दिसल्या. बावीस वर्षं ठिणग्या बघून स्टील ओळखतोय. हायस्पीडच्या ठिणग्या थोड्या, मंद, लालसर, शेपटीला न फुटणाऱ्या. इथे पांढऱ्या पिवळ्या फुलबाज्या उडत होत्या. म्हणजे साधं कार्बन स्टील. शिक्क्यावर विश्वास ठेवला, डोळ्यांवर नाही.

फरक असा की हायस्पीड स्टील साडेपाचशे अंशांच्या आसपास टेम्पर केलेलं असतं, त्यामुळे दगडावर निळं झालं तरी धार मरत नाही, नुसतं दिसायला वाईट दिसतं. कार्बन स्टील दोनशेच्या वर मऊ पडायला लागतं. निळं झालं म्हणजे तीनशेच्या आसपास गेलं, तेवढं टोक घासून टाकण्यावाचून इलाज नाही. कार्बनला दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायचं. हायस्पीडला मात्र लाल-निळं असताना पाण्यात बुडवू नये, धारेला केसासारख्या चिरा जातात.

संचातला रफिंग आणि पार्टिंग (तुकडा कापून वेगळा करायचं अवजार) ठेवतो, आंब्याला चालतील. सागाच्या जवळ नेणार नाही. सागात वाळूचा अंश असतो, सिलिका. आमच्या जिन्याच्या फळ्यांवर हायस्पीडची धारही तीन-चार मिनिटांत उतरते. शिवाय त्या फळ्यांत मोडलेले खिळे आहेत. आज एक सापडला, करवतीला.

२४ नोव्हेंबर, रविवार

संखेड्याला गेलो. डभोईवरून, मोटरसायकलने, पन्नासेक किलोमीटर. सागाचं लाखकाम केलेलं फर्निचर तिथलं, घरोघरी झोपाळे आणि पाळणे कातले जातात. एका खरादीकाकांनी, म्हणजे कातकाम करणाऱ्या कारागिरांनी, बसू दिलं. दुकानात लाखेचा गोड वास, काठीला लावलेली लाख फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाने वितळून बसते, मग केवड्याच्या पानाने घासून चकचकीत करतात.

मी बघत होतो ते त्यांच्या डाव्या गुडघ्याजवळच्या दगडाकडे. पाळण्याचा एक खांब झाला की हात आपोआप तिकडे जायचा. दोन-तीन घासे, परत लेथवर. तासाभरात ग्राइंडर एकदाही चालू झाला नाही. मला एक तुकडा कातायला दिला. मी सुरू केलं तोच म्हणाले, "अरे, आटलुं दबावो छो केम? ओजारने कापवा दो ने!"

माझी मनगटं पांढरी पडली होती. धार गेल्यावर माणूस दाबतो, आणि दाबायची सवय लागली की ताज्या धारेलाही दाबतो. त्यांच्या अवजाराने छिलका कसा निघत होता सांगतो: रिबिनीसारखा लांब, आणि मनगटावर पडला तर थंड. माझे छिलके घरी हाताला चटका देतात.

माझा गाउज त्यांना दाखवला. त्यांनी उजेडाला धरून फिरवला. बेवलवर पाच पैलू होते, हिऱ्यासारखे. ते काही बोलले नाहीत, परत दिला. परतताना डभोईला चहा प्यायलो आणि तिथेच डायरीत लिहिलं: मी एकच गाउज वापरतोय असं मला वाटतं, पण प्रत्येक धारेनंतर तो वेगळाच गाउज असतो. कोन वेगळा, पंख वेगळे. मग हात शिकणार तरी कशावर?

१ डिसेंबर, रविवार

जिग केला, म्हणजे धार लावताना गाउज दर वेळी एकाच कोनात धरणारा सांगाडा. भंगारातून: २५ चा चौकोनी पाइप, एक बोल्ट, ग्राइंडरच्या खाली पुढे येणारी पट्टी आणि तिच्या टोकाला व्ही आकाराचं खळगं. गाउज एका क्लॅम्पमध्ये धरायचा, क्लॅम्पला तिरकी दांडी, दांडीचं टोक खळग्यात. मग गाउज डावीकडून उजवीकडे झुलवला की पंखापासून टोकापर्यंत सगळी धार एकाच वळणात दगडावरून जाते.

तीन मापं ठरवायची असतात. गाउज क्लॅम्पच्या पुढे किती, दांडीचा कोन किती, खळगं दगडापासून किती. मी गाउज ४५ मि.मी. पुढे ठेवतो. त्यासाठी लाकडी ठोकळ्यात ४५ खोल खाच केली, गाउज खाचेच्या भिंतीला टेकवून क्लॅम्प आवळायचा. मोजपट्टी लागतच नाही.

खर्च शून्य, वेळ साडेसहा तास. वेल्डिंग शनिवारी कंपनीत सुपरवायझरना विचारून केलं.

८ डिसेंबर, रविवार

जिग नापास. रडू यायचं बाकी होतं.

काळ्या मार्करने बेवल रंगवला, ग्राइंडर बंद ठेवून दगड हाताने फिरवला, शाई कुठे पुसली जाते ते बघितलं. टाचेकडे (बेवलच्या मागच्या कडेला) पुसली, धारेजवळ काळीच. मागच्या रविवारी तर सगळीकडे पुसली जात होती! दोन तास क्लॅम्प उघडझाप केला. कारण शेवटी जेवताना सुचलं. बुधवारी मी दगड ड्रेस केला होता, म्हणजे डायमंड ड्रेसरने वरचा थर खरवडून काढला होता, कारण तोंड काळं, गुळगुळीत झालं होतं आणि कापण्याऐवजी भाजत होतं. त्यात दगडाचा व्यास तीन मि.मी. ने घटला. आणि खळगं? ते मी वेल्ड करून पक्कं केलेलं.

टूलरूमचा माणूस, आणि झिजणाऱ्या वस्तूसमोर पक्कं माप ठेवतो. बायकोला सांगितलं तर तिला त्यात काय एवढं ते कळलं नाही, मी मात्र पोळी अर्धी टाकून खाली आलो.

वेल्ड कापला, पट्टीला लांबट खाच केली, दोन बोल्ट लावले. आता दगड ड्रेस केला की मार्कर लावतो, खळगं मागेपुढे करतो, शाई टाचेपासून धारेपर्यंत सारखी पुसली गेली की बोल्ट आवळतो. दोन मिनिटांचं काम.

११ डिसेंबर, बुधवार, रात्री

आकार बरोबर, तरी धार करवतीसारखी. कंपनीतून भिंग आणलं. भिंगाखाली पाहिलं तर बेवल सुरेख, पण नळीच्या आत कारखान्यातल्या मिलिंगच्या रेघा तशाच, शेतातल्या तासांसारख्या. धार म्हणजे दोन पृष्ठभाग मिळतात ती रेघ. मी एकच पृष्ठभाग घासत होतो, दुसऱ्यातले खड्डे थेट धारेपर्यंत येत होते.

आठ मि.मी. च्या लाकडी काठीला पॉलिश पेपर गुंडाळून नळी आतून घासली. २२०, ४००, मग ८००. चाळीस मिनिटं, बोटांची सालं निघाली. हे एका गाउजला आयुष्यात एकदाच करायचं असतं. संचातल्या १० मि.मी. च्या स्पिंडल गाउजलाही (दांड्यांसाठीचा) केलं, तो कार्बनचा असूनही आंब्यावर आता बरा चालतो.

१५ डिसेंबर, रविवार

आज दिवस सार्थकी लागला.

धार लावताना दाब जवळजवळ नाही, गाउजचं नुसतं वजन. पंखांवर जास्त वेळ रेंगाळलं तर टोक चोचीसारखं निघतं, टोकावर रेंगाळलं तर टोक आणि पंखाच्या मध्ये कुबड येतं. दोन्ही करून झालं आहे. ठिणग्या नळीच्या आतून धारेवरून वर यायला लागल्या की धार पोचली, तिथे थांबायचं. एकदा झुलवलं, दोनदा, बस. उजेडाखाली धार बघायची, बोथट धार पांढरी रेघ होऊन चमकते आणि तीक्ष्ण धार दिसतच नाही.

चकती १८० ची म्हणून वेग ९०० च्या आत ठेवला. कडेपासून मध्याकडे एक हात मारला आणि सागाचा छिलका कुरकुर न करता सुटला. दोन फूट तरी असेल. आईला दाखवायला वर नेला. ती म्हणाली, "आता फिरकी दाखव."

दर दीड-दोन मिनिटांनी ६०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्टीने बेवल घासतो, लेथ बंद करून, चार घासे. ग्राइंडरवर दोन चकत्यांनंतर एकदा. आज दिवसभरात गाउज अर्धा मिलिमीटरही घटला नाही.

पण चकतीवर समोरासमोर दोन जागी लाकूड खरखरीतच आहे. फळीतून कापलेल्या चकतीत रेषा आडव्या असतात, एका फेरीत धार दोनदा रेषेच्या विरुद्ध जाते आणि तंतू उपटते. फर्निचरला पॉलिश पेपर मारून भागलं असतं. फिरकीच्या चकतीची आतली बाजू मात्र मांजा सुटताना घासत राहते. एक उपटलेला तंतू राहिला की दोरा तिथे अडकणार, आणि पेच लागलेला असताना अडकला तर भाचा माझं तोंड बघणार नाही. शेवटचा हात अगदी पातळ, ताज्या धारेने, अवजार नेहमीच्या निम्म्या वेगाने सरकवत. त्याआधी खरखरीत जागी पातळ लाख स्पिरिटमध्ये करून पुसली, तंतू ताठ झाले. त्यावर कापलं तर जवळपास गेलं.

२२ डिसेंबर, रविवार

तीन दांडे, चार चकत्या. एका दांड्याची मूठ जास्त बारीक झाली, ती बहिणीच्या धाकटीला. साडेतीन तासांत एकदाही अवजार गुंतलं नाही.

२९ डिसेंबर, रविवार

फाजील आत्मविश्वास. चकतीची मागची बाजू घाईत रफिंग गाउजने साफ करायला गेलो. हा गाउज दांड्यासारख्या लांब कामासाठीच. त्याचा मुठीत जाणारा भाग चपटा, बारीक असतो, चकतीवर झटका बसला की तिथे मोडतो. माझा मोडला. पातं टूलरेस्टवर (अवजार टेकवायच्या पट्टीवर) आपटून खाली पडलं, चेहऱ्यावर शील्ड होती, काही झालं नाही. चकती फुटली, सागाची एक फळी कमी झाली. अर्धा तास नुसता जिन्यावर बसलो होतो. कार्बनचा होता म्हणून मोडला असं मनाला सांगून बघितलं, पण हायस्पीडचाही मोडला असता.

५ जानेवारी २०२५, रविवार

नवा रफिंग गाउज, हायस्पीड, १,९०० रुपये. दुकानातच कोपऱ्यातल्या ग्राइंडरवर ठिणगी बघून घेतला, दुकानदाराने भुवया उंचावल्या.

पाच फिरक्या जोडल्या. चकतीच्या भोकात दांड्याचा खांदा, फेविकॉल आणि बाहेरून दोन पाचरी. गेंडीगेटकडे पतंगवाल्यांच्या दुकानांत गर्दी सुरू झाली आहे. तिथे एक तयार फिरकी हातात घेऊन बघितली, १२० रुपये. घरी काही बोललो नाही.

१२ जानेवारी, रविवार

सहावी. सगळ्यांना लाख, संखेड्याहून आणलेल्या तीन कांड्या: लाल, पिवळी, हिरवी. माझी लाख पट्टे सोडून बसते, कुठे जाड कुठे पातळ. केवड्याचं पान मिळालं नाही, जाड कापडाने घासली. लांबून बरी दिसते.

१६ जानेवारी, गुरुवार

उत्तरायण आणि वासी उत्तरायण दोन्ही झाले. अगाशीवर उंधियू, जिलबी, शेजाऱ्यांचा लाउडस्पीकर. पाच फिरक्या नीट चालल्या. एकीच्या चकतीवर दोऱ्याने बारीक खाच पाडली आहे, नेमकी जिथे तंतू उपटला होता तिथे. मी पॉलिश पेपर मारून लपवलं होतं, दोऱ्याने शोधून काढलं. बारीक मुठीची धाकटीच्या हातून अगाशीवरून गल्लीत पडली, एक चकती रेषेवरून दुभंगली.

खर्चाचा हिशोब, लेथ सोडून: ग्राइंडर आणि बेअरिंग १,१४०, दगड ६५०, डायमंड ड्रेसर ३८०, हिऱ्याची पट्टी ४५०, बोल गाउज २,६००, फसवा संच १,८५०, नवा रफिंग १,९००, लाख आणि किरकोळ ५००. एकूण ९,४७०. सीबीएनचा (क्यूबिक बोरॉन नायट्राइडचा) दगड घ्यावा असं दोनदा वाटलं, कारण तो जवळजवळ झिजत नाही आणि ड्रेसिंग लागत नाही. किंमत ऐकून जिगच्या बोल्टांना तेल घातलं.

बोल गाउज १० नोव्हेंबरला एका दिवसात ९ मि.मी. गेला होता. १५ डिसेंबरपासून आजपर्यंत गेला २ मि.मी. दुभंगलेली चकती शनिवारी बदलतो. फळी शिल्लक आहे एकच आणि तिच्यात खिळा आहे.